लाकडी बैलांची फिल्म कोणत्या प्रकारात बसवायची? एका तालुका स्पर्धेचं प्रकरण

भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषद शाळांच्या काही शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढून सहावी ते दहावीच्या मुलांसाठी ‘डिजिटल कला व माध्यम’ स्पर्धा सुरू केली. पत्रकात चार प्रकार होते: संगणक चित्रकला, पीपीटी, फोटोग्राफी आणि व्हिडिओ. वरवर पाहता त्यात वावगं काही नव्हतं. कुठल्याही स्नेहसंमेलनाच्या पत्रकात असंच असतं. पण प्रवेशिका आल्या आणि त्यातल्या एकीवर परीक्षक अडले. ते का अडले आणि पुढच्या वर्षीचं पत्रक त्यातून कसं बदललं, ते इथे मांडतो. नवे नियम लिहायला बसलेल्यांत मीही होतो, त्यामुळे हे लिखाण तटस्थ नाही.

अडचणीची प्रवेशिका सातवीतल्या एका मुलीची होती. चाळीस सेकंदांची फिल्म, विषय तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून ओळीत उभे करतात, मग घरोघर नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. हिच्या फिल्ममध्ये दोन लाकडी बैल तोरणाखालच्या ओळीतून हळूच निसटतात, अंगणातल्या गंगाळात तोंड घालतात, सैपाकघरात शिरून पुरणपोळीच्या ताटापर्यंत पोचतात आणि पोळा फुटायच्या, म्हणजे ओळ मोडायच्या आत परत ओळीत येऊन उभे राहतात. शेवटी ओळीतला एकच बैल मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतो. मान लाकडाचीच, वळणार कशी? तर तिनं त्या एका चित्रापुरतं मातीचं डोकं करून लावलं होतं.

सगळं वडिलांच्या फोनवर, ते शेतातून आल्यावर. फोन दोन विटांच्या मधे अडकवलेला. बैल बोटभर सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. सेकंदाला आठ फोटो धरले तर चाळीस सेकंदांना ३२० फोटो होतात. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. हातानं अ‍ॅनिमेशन करणारे पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे १२ चित्रांत भागवतात. आठमध्ये हालचाल थोडी अडखळते, पण चाकांच्या बैलाला ते अडखळणं शोभून दिसत होतं. पहिल्या निम्म्या भागात चित्र लुकलुकत होतं, कारण सांजवेळी उजेड कमी होत गेला आणि फोन दर फोटोला आपल्या मनानं उजेड जुळवत राहिला. दुसऱ्या भागात लुकलुक नाही. ती घरात बल्बखाली आली होती आणि फोनचा उजेड एका जागी बांधून ठेवायचं तिला मधल्या काळात कुणीतरी शिकवलं होतं, किंवा तिनंच शोधलं होतं. शिकत गेल्याचा पुरावा फिल्मच्या आतच होता.

आता हिला बसवायची कुठे? संगणक चित्रकलेचे परीक्षक म्हणाले, “येच्यात तं कॅम्पुटरही नाही आन् चित्रही नाही जी.” फोटोग्राफीत एकच फोटो द्यायचा होता, इथे तीनशेवर. मग उरला व्हिडिओ. व्हिडिओच्या गुणपत्रकात अभिनयाला २० आणि संवादाला २० गुण ठेवलेले. लाकडी बैल ना बोलतात, ना अभिनय करतात, त्यामुळे चाळीस गुण तिथेच गेले. स्वच्छतेवरच्या एका नाटुकलीला पहिला क्रमांक मिळाला. तालुक्याच्या गावातल्या लग्नाच्या कॅमेऱ्यानं ती काढली होती, आणि दृश्य बदललं की पाकळ्या उडत होत्या. बैलांची फिल्म तळाकडे गेली.

कलाशिक्षिकेनं निकालावर सही करायला नकार दिला. तिचं म्हणणं सरळ होतं: परीक्षकांनी गुण बरोबर दिलेत, चूक गुणपत्रकात आहे. कुणीतरी “उत्तेजनार्थ देऊन मोकळे व्हा ना मॅडम” असं सुचवलं. त्यालाही तिचा विरोध होता, कारण उत्तेजनार्थ दिलं की मुलीचं समाधान होतं आणि पत्रक पुढच्या वर्षी जसंच्या तसं निघतं. शेवटी उत्तेजनार्थ दिलंच, पण त्यासोबत सगळ्या प्रवेशिका पुन्हा एकदा बघायच्या असंही ठरलं.

तसं बघितलं तेव्हा कळलं की बैल एकटे नव्हते.

एका मुलानं आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. जात्याची घरघर, मधे आजीचा खोकला, मग “आता कुठं आठोते बापा” म्हणून थांबणं, आणि पुन्हा ओवी. ध्वनीचा प्रकारच नव्हता, म्हणून त्यानं आजीच्या एका फोटोवर ते चढवून व्हिडिओत दिलं. परीक्षकांचा शेरा होता, ‘चित्र हलत नाही’. दुसऱ्या एका शाळेतल्या दोघांनी स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये मामा (माजी मालगुजारी) तलावावरचा खेळ केला होता: पावसाळ्यात पाटाची दारं उघडायची-मिटायची, सगळ्यांच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पाणी पोचलं पाहिजे आणि पाळही फुटता कामा नये. मालगुजारीच्या काळातले हे तलाव आमच्या भागाचं वैभव, आणि पाणीवाटपाची भांडणं मुलांनी घरी ऐकलेली. पण खेळ द्यायचा कुठे? त्यांनी स्वतः खेळतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून व्हिडिओत टाकलं. परीक्षकांनी खेळ बघितला, खेळला नाही. संवाद शून्य.

संगणक चित्रकलेत उलटा घोटाळा. एका अ‍ॅपमधल्या तयार साच्यात फक्त शब्द बदललेलं ‘वाघ वाचवा’ पोस्टर आणि फोनच्या काचेवर बोटानं रेघ रेघ ओढून काढलेलं रोवणीचं (धानाच्या लावणीचं) चित्र, दोन्ही एकाच रांगेत. साच्याची अक्षरं आणि रंग व्यावसायिक माणसानं बसवलेले असतात. बोटाच्या रेघा वाकड्या असतात. कोण पुढे गेलं ते सांगायला नको.

आणि एक चित्र एआयनं केलेलं निघालं. विषय ‘माझ्या गावची शेती’. चित्र देखणं, मावळतीचा उजेड, धुकं. पकडलं ते एका शेतकरी शिक्षकानं, आणि तंत्रज्ञानाच्या जोरावर मुळीच नाही. “हे कोनाचे बैल हायेत? वशिंडच नाही यायले.” मग सगळ्यांनाच एकेक दिसू लागलं: बांध्या नाहीत, धुरे नाहीत, चिखल नाही, नुसत्या सरळ तासांची कोरडी नांगरट क्षितिजापर्यंत गेलेली. धानाच्या गावात अशी शेती कुठे असते? मुलाला विचारल्यावर त्यानं लगेच सांगितलं की फोनला सांगून काढलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं, कारण पत्रकात त्याबद्दल अक्षरही नव्हतं.

या सगळ्याचं मूळ एकच दिसलं. चारही प्रकार फाइलच्या जातीवरून पाडले होते. शेवटी हातात येतं ते चित्र आहे, पीपीटी आहे, फोटो आहे की व्हिडिओ, एवढंच पत्रक विचारत होतं. मुलानं काम कसलं केलं, हा प्रश्न त्यात नव्हता. बैल सरकवणारी मुलगी, आजीपुढे फोन धरून तासभर गप्प बसलेला मुलगा आणि पाटाच्या दारांचं गणित जुळवणारे दोघे, या तिन्ही कामांत काही म्हणता काही साम्य नाही. पण तिघांचीही फाइल एमपी-फोर होती, म्हणून तिघं एका रांगेत आणि लग्नाच्या कॅमेऱ्यासमोर.

पीपीटीचं तर काय बोलावं. पीपीटी हा कलाप्रकार कधीपासून झाला? ते एक सॉफ्टवेअर आहे. माझा मुद्दा असा की, स्पर्धेतल्या प्रकाराला सॉफ्टवेअरचं किंवा यंत्राचं नाव दिलं की मुलं त्या यंत्रातलं तयार सामान दाखवायला लागतात.

बाहेर लोक काय करतात तेही पाहिलं. अमेरिकेत १९२३ पासून चालू असलेल्या स्कोलॅस्टिक आर्ट अँड रायटिंग पुरस्कारांत डिजिटल कला, छायाचित्रण आणि फिल्म व अ‍ॅनिमेशन असे वेगळे प्रकार आहेत. तिथल्याच ‘नॅशनल हिस्टरी डे’ या इतिहास स्पर्धेत माहितीपट, संकेतस्थळ, प्रदर्शन, सादरीकरण आणि निबंध असे पाच प्रकार असतात, माहितीपटाला दहा मिनिटांची मर्यादा असते आणि प्रत्येक प्रवेशिकेसोबत ‘हे काम आम्ही कसं केलं’ याचा लेखी जबाब जोडावा लागतो. हा लेखी जबाब आम्हाला सगळ्यांत कामाचा वाटला. आपल्याकडचा कला उत्सव २०१५ पासून आहे, पण त्याचा जीव गायन, नृत्य, नाट्य आणि हाताच्या दृश्यकलेत आहे. आमच्या अडचणीला तिथून थोडीच मदत झाली.

एका ज्येष्ठ मुख्याध्यापकांना अजूनही खेळण्यांची फिल्म म्हणजे पोरखेळ वाटत होता. कलाशिक्षिकेनं त्यांना दादासाहेब फाळक्यांची आठवण दिली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याआधी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते एकेक चौकट टिपून फिल्मवर उतरवलं होतं आणि तीच चिमुकली फिल्म दाखवून भांडवल मिळवलं होतं. सर म्हणाले, “मंग ठीक हाय.” फाळक्यांचं नाव आमच्याकडे अजून चालतं.

नव्या पत्रकात प्रकार सहा झाले. स्वतः काढलेलं डिजिटल चित्र. पोस्टर व मांडणी, ज्यात अक्षर आणि चित्र मिळून निरोप द्यायचा असतो. छायाचित्रण, तेही एका विषयावरचे पाच फोटो. अ‍ॅनिमेशन, मग ते खेळण्यांचं असो, मातीचं असो वा वहीच्या कोपऱ्यातल्या चित्रांचं. ध्वनी. आणि खेळ किंवा परस्परसंवादी काम. माहितीपट हवा की नको यावर बराच वाद झाला. तो सातवा म्हणून शेवटी आत आला, पण नाटुकलीला बाहेर ठेवून. नाटुकलीसाठी स्नेहसंमेलनं पुष्कळ आहेत.

पोस्टर आणि चित्र वेगळं केल्यानं साच्यांचा प्रश्न निम्मा सुटला. पोस्टरमध्ये तयार अक्षरसंच, चिन्हं वापरायला मुभा दिली, कारण मांडणी हेच तिथलं काम. पूर्ण साचा मात्र चालणार नाही. चित्राच्या प्रकारात प्रत्येक रेघ मुलाची हवी.

मोबाइलवाल्यांचा आणि संगणकवाल्यांचा वेगळा गट करावा, ही सूचना सगळ्यांत जास्त लोकांना पटली होती. मी तिच्या विरोधात होतो आणि आजही आहे. सहा हजारांच्या आणि साठ हजारांच्या फोनमध्ये जेवढं अंतर आहे, तेवढं कित्येकदा फोन आणि संगणकातही नसतं. शिवाय ‘मोबाइल गट’ म्हणजे गरिबांचा गट, असा अर्थ गावात लागायला आठवडाही लागला नसता. त्याऐवजी चित्राच्या झळाळीला गुणच ठेवले नाहीत आणि लांबी बांधून दिली: अ‍ॅनिमेशन साठ सेकंद, ध्वनी तीन मिनिटं, माहितीपट पाच मिनिटं. छायाचित्रणात फक्त फोन चालेल असं ठरलं, म्हणजे काकाच्या स्टुडिओतला मोठा कॅमेरा आपोआप बाद.

शंभर गुणांची वाटणी अशी झाली: कल्पना व आशय ३०, माध्यमाचा वापर ३०, कामाची नोंद २०, तोंडी २०. ‘माध्यमाचा वापर’ म्हणजे काय, हे परीक्षकाच्या मर्जीवर सोडलं नाही. प्रत्येक प्रकाराला एक साधा प्रश्न दिला. पोस्टर दहा फुटांवरून वाचता येतं का? अ‍ॅनिमेशनमधली वस्तू स्वतःच्या वजनानं हलल्यासारखी वाटते का? ध्वनीत काय ऐकू यावं आणि कुठे शांत राहावं हे ठरवलेलं दिसतं का? खेळ दुसऱ्या शाळेतल्या मुलाला न सांगता खेळता येतो का?

एआयबद्दल नियम लिहायला सोपा होता, पाळून घ्यायला अवघड. चित्र, अ‍ॅनिमेशन आणि छायाचित्रण यांत मनाई. इतर ठिकाणी कशासाठी वापरलं ते नोंदीत लिहायचं. पण मनाई नुसत्या डोळ्यांनी पाळता येत नाही, वशिंड दर वेळी गळेलच असं नाही. म्हणून पाच मिनिटांची तोंडी. मुलानं थर उघडता येतील अशी मूळ फाइल आणायची, अ‍ॅनिमेशनवाल्यानं सगळे फोटो आणायचे, आणि परीक्षकानं एकच म्हणायचं: यातला एक तुकडा माझ्यासमोर पुन्हा करून दाखव. ज्याच्या गॅलरीत ३२० फोटो आहेत त्याला वाद घालावा लागत नाही.

मोठ्या भावाच्या मदतीचाही नियम तोंडीमुळेच सुटला. दिवा धरणं, फोन धरणं, तोरण बांधणं चालेल. कापणं-जोडणं मुलानंच करायचं.

फाइलींचे प्रश्न किरकोळ वाटतात, पण निम्मा वेळ तेच खातात. पहिल्या वर्षी बहुतेक कामं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आली आणि आकसून बारीक झाली. आता डॉक्युमेंट म्हणून पाठवायची किंवा केंद्रशाळेत पेनड्राइव्ह द्यायचा. पोस्टर अ‍ॅपमधल्या १०८० × १०८० च्या चौकोनात करून ए-थ्री वर छापलं तर इंचाला जेमतेम ९२ ठिपके पडतात आणि अक्षरांना दाते दिसतात. त्यामुळे सुरुवातच २४८० × ३५०८ च्या पानावर करायची. ते ए-फोरवर ३०० ठिपक्यांनी स्वच्छ उतरतं. पीपीटी गेली तरी पोस्टरमध्ये ‘फॉन्ट उडाला’ हे रडगाणं होतंच. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात टाइप केलेलं दुसऱ्या संगणकावर भलत्याच अक्षरांत उघडतं. युनिकोडमध्येच लिहा आणि पीडीएफ करून द्या, ही दोन वाक्यं पत्रकात ठळक छापली.

संगीतावर मात्र थोडं थांबावं लागलं. पहिल्या वर्षी जवळपास प्रत्येक व्हिडिओमागे सिनेमाचं गाणं होतं, उरलेल्यांत राष्ट्रसंतांची भजनं. कायद्याचं म्हणणं असं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनेवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं, म्हणजे त्यांच्या रचनांची मुदत २०२८ अखेर संपते. शाळेच्या कार्यक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसमोर ध्वनिमुद्रण वाजवायला सवलत आहे. तीच फिल्म यूट्यूबवर टाकली की सवलत संपली. आम्हाला कामं यूट्यूबवर टाकायची होती. त्यामुळे नियम झाला: आवाज स्वतः जमवा. टिपऱ्या, घुंगरं, पाऊस, राइस मिल, काहीही. आणि आजीचा आवाज घेतला तर आधी आजीला विचारा, ती हो म्हणाली हे ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच येऊ द्या. ओव्या कुणा एकाच्या नसतात, पण गळा आजीचाच असतो.

परीक्षक बदलणं हा माझ्या मते सगळ्यांत चांगला निर्णय. वडसा जवळच, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं, पूर्व विदर्भातल्या लोकनाटकांचं, ठाणं. तिथले पडदे रंगवणारे एक जण पोस्टरला बोलावले. मंडपाच्या शेवटच्या रांगेतून जंगल जंगल दिसलं पाहिजे आणि राजवाडा राजवाडा, हा त्यांचा रोजचा हिशेब, त्यामुळे दहा फुटांची कसोटी त्यांना समजावून सांगावी लागली नाही. ध्वनीला नाटकाचा माइक सांभाळणारे आले. अडचण एवढीच की हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, नाटक रात्रभर चालतं, आणि ही माणसं सकाळी झोपलेली असतात. तोंडी दुपारी तीनला ठेवली.

दुसऱ्या वर्षी ध्वनीला सर्वाधिक प्रवेशिका आल्या. याला कारण आहे: साध्यात साधा फोनही आवाज बरा टिपतो, आणि ऐकण्यासारखं गावात भरपूर आहे. ओव्या होत्या, दंडारीची गाणी होती, एका मुलीनं पहाटेचा बसथांबा नुसता तीन मिनिटं ऐकवला. अ‍ॅनिमेशनमध्ये लाकडी बैलांची लाट आली, काही तर आधीच्या फिल्मची सरळ नक्कल. मूळ मुलगी आठवीत गेली होती. तिनं या वेळी मोहफुलं वेचणारी मातीची बाई केली, आणि तोंडीत परीक्षकांनी विचारायच्या आधीच सांगितलं की टोपली उचलतानाचा भाग तिला जमलेला नाही, कारण टोपली रिकामी वाटते. तिसरा क्रमांक आला. पहिला आला तो सहावीतल्या दोन भावांच्या पावसाच्या फिल्मला, ज्यात पाऊस म्हणजे तांदळाचे दाणे होते.

कामाच्या नोंदी मात्र रडतखडत आल्या. बऱ्याच शिक्षकांच्या हस्ताक्षरात होत्या, काहींत “सदर प्रकल्प करताना मला अत्यंत आनंद झाला” छापाची भाषा. त्यावर उपाय म्हणून आता नोंद लिहून न देता बोलून, दोन मिनिटांच्या आवाजात दिली तरी चालेल असं ठरलंय. मुलं बोलतात तेव्हा झाडीबोलीत बोलतात आणि खरं सांगतात.

खेळाच्या प्रकाराचा निकाल अजून लागायचा आहे. प्रवेशिका थोड्या आल्या आणि त्याही जिथे अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली शालेय प्रयोगशाळा) आहे किंवा संगणक खरोखर चालू आहेत अशाच शाळांतून. काहींना तो काढून टाकायचा आहे: चार शाळांसाठी प्रकार कशाला? मला तो ठेवावासा वाटतो, कारण स्क्रॅच इंटरनेटशिवाय चालतं आणि टॅबवरही चालतं. अनेक शाळांच्या कपाटांत टॅब आहेत, किल्ली कुणाकडे आहे एवढाच प्रश्न आहे. तूर्त एक वर्षाची मुदत मिळाली आहे, आणि टॅब उघडून चार्ज करायचं काम केंद्रप्रमुखांनी अंगावर घेतलंय.